डेव्हिल्स लेकला दोन रात्री: तंबू, आई-बाबा आणि कुकर

सदाफुली | मंगळवार, रात्री ९:५०

परवा रविवारी विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक या तळ्याहून परतलो. तंबू अजून गराजमध्ये वाळतोय, मोजे वाळायचे नावच घेत नाहीयेत. "आई-बाबांना तंबूत नेणार? खरंच?" असं खासगी निरोपातून चार-पाच जणांनी विचारलं होतं, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते.

आम्ही म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. आई ६८, बाबा ७३. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. हे पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

शिकागोच्या पश्चिम उपनगरातून तसं सव्वातीन-साडेतीन तासांचं अंतर. शुक्रवारी दुपारी निघालं की पाच तास. पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, पण जूनचा शेवट असल्यामुळे उजेड होता. आई गाडीतून उतरली, समोरची मोकळी जागा, लाकडी बाक-टेबल आणि लोखंडी कड्याची चूल बघितली आणि म्हणाली, "अगं, पैसे भरून भुईवर निजायचं व्हय?" नवरा म्हणाला, भुईवर नाही, हवेच्या गादीवर. (त्या गादीतली हवा पहाटे तीनला निघून गेली. म्हणजे आईचंच खरं.)

तंबूवर 'आठ माणसांचा' लिहिलेलं असतं ना, ते आठ म्हणजे मुंबई लोकलमधली चौथी सीट धरून. आम्ही पाच आणि बॅगा एवढ्यातच तो भरला. उभा करताना एक काठी सांध्यात चिरली. मी आणि नवरा यूट्यूब शोधत होतो, तिथे रेंज नाही. बाबांनी टेबलाखाली पडलेली एक काटकी चिरलेल्या जागी आडवी धरली, बॅगेची नाडी काढून ती करकचून गुंडाळली, गाठ मारली, हात झटकले. रविवारपर्यंत ती काठी हलली नाही.

अंधार पडला आणि काजवे निघाले. माझ्या आईने भंडारदऱ्याचे काजवे टीव्हीवर बघितले होते, प्रत्यक्षात कधी नाही. ती खुर्ची झाडीच्या बाजूला फिरवून बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. माझ्या आयुष्यात आई तासभर गप्प बसल्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्याच रात्री रॅकून नावाचा प्राणी येऊन गेला. आम्ही कूलरबॉक्स गाडीत ठेवला होता, पण कोरड्या खाऊची पिशवी बाकाखाली राहिली. डोळ्यांवर दरोडेखोरासारखा काळा पट्टा आणि हातसुद्धा तसेच सराईत. पिशवीची चेन उघडून (फाडून नाही, उघडून!) बेसनाचे लाडू सगळे संपवले, चिवड्यातले दाणे वेचून खाल्ले, पोहे टाकून दिले. लोणच्याची बरणी आडवी करून बघितली होती. झाकण उघडलं नव्हतं.

आता शनिवार सकाळ. इथे माझी चूक आहे, आधीच कबूल करते. आईने घरून कुकर आणला होता. मी नको म्हटलं होतं, तरी तो पांघरुणाच्या बोचक्यात घालून आणला. सकाळी सव्वासहाला दोन बर्नरच्या शेगडीवर तिने बटाटे लावले. पहिली शिट्टी. त्या शांततेत ती कशी वाजली असेल, कल्पना करा. समोरच्या तंबूची चेन उघडून एक डोकं बाहेर आलं. दुसरी शिट्टी. शेजारच्या ट्रेलरमधून (गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर) पायजम्यातले एक आजोबा धावत आले, "सगळं ठीक आहे ना? काही अलार्म वाजतोय का?" मी झोपेतून उठून तोंड लपवायला जागा शोधत होते. बाबांनी शेगडी बंद केली, वाफ जिरेपर्यंत थांबले, शिट्टी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाले, "आता वाजवा."

नंतरचे बटाटे नुसत्या झाकणावर शिजले. पाऊण तास लागला.

शनिवारी दुपारी तळं, संध्याकाळी वांग्याचं भरीत, रात्री पाऊस. पावसाचं उद्या लिहिते, डोळे मिटताहेत.

---

चकलीचा_सोऱ्या | मंगळवार, रात्री १०:०४

"आता वाजवा" 😂😂 बाबा रॉक्स. फोटो टाका. रॅकूनचा नसेल तर काठीचा तरी.

---

मिनेसोटाचा_मामा | मंगळवार, रात्री १०:४१

छान लिहिलंय. पंचवीस वर्षं तंबू ठोकतोय म्हणून थोडं आगाऊपण करतो.

रॅकूनला दोष देऊ नका, तो तिथला रहिवासी आहे. रात्री झोपताना टेबलावर, बाकाखाली, तंबूत कुठेही खायची वस्तू ठेवायची नाही. टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं गाडीत, काचा बंद. तंबूत तर चुकूनही नको. बाहेर पिशवी असेल तर पिशवी जाते, आत असेल तर तंबू जातो.

लाकूड घरून नेलं नाहीत ना? विस्कॉन्सिनच्या पार्कांमध्ये एक तर प्रमाणित शिक्क्याचं लाकूड चालतं, नाही तर दहा मैलांच्या आतलं. कारण एक हिरवा किडा. अ‍ॅश झाडाच्या सालीखाली त्याच्या अळ्या पोखरत जातात आणि झाड वाळतं. आपल्या परसातल्या चार ओंडक्यांतून तो पुढच्या जंगलात पोचतो. इलिनॉयमधून दरवर्षी कोणी ना कोणी ट्रंक भरून लाकूड आणतं आणि गेटवर वाद घालतं.

आणि गोचीड. जूनमध्ये तिथल्या गवतात असतेच, लाइम आजार पसरवणारी बारकीसुद्धा. फिक्या रंगाची पँट, पाय मोज्यात खोचलेले, रात्री गुडघ्यामागे आणि काखेत तपासणी. आई-बाबांची पण. लाजत बसायचं नाही.

---

सदाफुली | बुधवार, सकाळी ७:१२

मामा, लाकूड गेटजवळच्या दुकानातून घेतलं. बाबांनी भाव ऐकला, गठ्ठा हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "हे जळणासाठी आहे का फर्निचरसाठी?"

गोचीड लेकीच्या मोज्यावर एक सापडली, चढण्याआधीच. फिक्या रंगाचे मोजे होते म्हणूनच दिसली.

पावसाचं राहिलं होतं. शनिवारी रात्री साडेअकराला ढग गडगडायला लागले. आम्ही तंबूखाली मोठी ताडपत्री अंथरली होती, चहूबाजूंनी हातभर बाहेर. मला वाटलं जेवढी मोठी तेवढं चांगलं. तंबूच्या छतावरून ओघळलेलं सगळं पाणी त्या बाहेर आलेल्या पट्टीवर पडलं आणि तिथून सरळ आत, आमच्या खाली. अर्ध्या तासात लेकीची झोपायची पिशवी चिंब. बाबा म्हणाले, फावडं द्या, भोवती चर मारतो, आमच्याकडे धनगर मारतात. मी कसंबसं आवरलं. मग सगळे गाडीत. नवरा आणि लेक मागे आडवे, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून, आई-बाबा मधल्या सीटवर. बाबांनी फोनवर नाट्यसंगीत लावलं, अगदी हळू. काचेवर पाऊस, आत आईचं मान डोलावणं. दोन वाजता पाऊस थांबला तरी कोणी उठलं नाही.

---

मिनेसोटाचा_मामा | बुधवार, सकाळी ७:३०

ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा दोन-तीन इंच *लहान* हवी. कडा बाहेर आलीच तर आतल्या बाजूला दुमडायची. सगळेच एकदा भिजून शिकतात, मीही तसाच शिकलो.

चर खणू दिली नाहीत हे उत्तम. त्या जागेवर वर्षभर माणसं राहतात. प्रत्येकाने चर मारली तर माती वाहून मुळं उघडी पडतील. आणि विजा कडाडत असताना गाडीत बसलात हेही बरोबर केलंत. तंबू विजेपासून वाचवत नाही. टोर्नाडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचा इशारा असेल तर मात्र गाडीतही नाही, न्हाणीघराची पक्की इमारत गाठायची.

---

शांतपणे | बुधवार, सकाळी ८:५५

धागा मनोरंजक आहे, पण मला जरा वेगळं म्हणायचं आहे. कडू वाटेल.

आपण लोक कॅम्पिंगला जातो म्हणजे घर उचलून नेतो. कुकर, तवा, मिसळणाचा डबा, कणीक, पोळपाट. एकदा तर एका ग्रुपमध्ये मिक्सर पाहिला आहे, विजेची सोय असलेल्या साइटवर (तंबूच्या जागेवर), सकाळी सातला चटणी वाटायला. शेजारची माणसं वर्षभर वाट बघून तिथे शांततेसाठी आलेली असतात. सव्वासहाला शिट्टी आपल्याला गमतीची वाटते, त्यांना नाही. ते आजोबा फक्त चौकशी करून थांबले हा त्यांचा मोठेपणा. दोन दिवस ब्रेड, उकडलेली अंडी, फळं खाऊन माणूस मरत नाही.

---

चकलीचा_सोऱ्या | बुधवार, सकाळी ९:०२

डेव्हिल्स लेकला तळ्याच्या पूर्व काठाने मालगाडी जाते. तिची शिट्टी चालते आणि कुकरची नाही?

---

शांतपणे | बुधवार, सकाळी ९:१०

गाडी १८७३ पासून जातेय. तिचा हक्क आहे. 🙂

---

बारा_गावचं_पाणी | बुधवार, सकाळी ९:४८

शांतपणे, शिट्टीबद्दल सहमत, बाकीच्याबद्दल नाही. माझे सासरे मधुमेही आहेत. त्यांना ब्रेड आणि सॉसेज दोन दिवस देऊन बघा. घर उचलून नेलं नसतं तर ते आलेच नसते. तुम्ही म्हणता ते विशीतल्या मुलांना ठीक आहे. आई-वडिलांना न्यायचं तर कणीक न्यावी लागते.

माझा उपाय सांगते: घरूनच दशम्या करून न्यायच्या, दुधात भिजवलेल्या. दोन दिवस मऊ राहतात. भाकरीचं पीठ न्यायचं नाही, तिथे थापायला जागा नसते आणि मग टेबलावर सगळं पीठ. पिठल्यासाठी बेसन भाजून, तिखट-मीठ-हळद-जिरं घालून डब्यात तयार. पाणी उकळलं की घोटायचं, पाच मिनिटं. भात करायचाच तर तांदूळ दुपारी भिजवून ठेवले की साध्या पातेल्यातही वीस मिनिटांत होतो. कुकर कशाला?

---

दगडफोड्या | बुधवार, दुपारी १२:३३

कुकरवर तीन पानं होण्याआधी तळ्याबद्दल कोणी बोलेल का? 😀 मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो, तिथे फील्डला दोनदा गेलो आहे.

त्या जांभळट-गुलाबी दगडावर तुम्ही चढलात ना, तो बाराबू क्वार्टझाइट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा दगड ६.६ कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. मूळची ही वाळू. ती साचली, दबली, तापली आणि इतकी घट्ट झाली की हातोडी मारली तर ठिणगी उडते. रंग लोहाच्या ऑक्साइडचा. काही शिळांवर पाण्याच्या लाटांच्या वळ्या अजून तशाच दिसतात. ओहोटीनंतर गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूत उमटतात तशाच. बोट फिरवून बघायच्या. १७० कोटी वर्षांपूर्वीची लाट हाताला लागते.

तळं मात्र अगदी नवीन. दोन्ही बाजूंचे ते ५०० फुटी कडे म्हणजे एका जुन्या नदीची घळ. हिमयुगात बर्फाची जीभ आली, घळीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध टाकून मागे हटली. मधलं पाणी अडकलं. भरती पावसाची, झऱ्यांची आणि छोट्या ओढ्यांची. वाहून बाहेर जाणारी नदी नाही. सगळ्यात खोल जागा पन्नास फुटांच्या आतबाहेर.

पश्चिम काठाने टम्बल्ड रॉक्सची वाट केलीत का? कड्यावरून कोसळलेल्या शिळांच्या ढिगातून जाते. बॅलन्स्ड रॉक आणि डेव्हिल्स डोअरवे पूर्व कड्यावर आहेत. त्या पायऱ्या मात्र ७३ वर्षांच्या गुडघ्यांसाठी नाहीत.

---

सदाफुली | बुधवार, दुपारी १:२०

बाबांनी टम्बल्ड रॉक्सची वाट केली आणि वाटेत प्रत्येक शिळेवर हात ठेवला. लाटांच्या वळ्यांचं आधी कळलं असतं तर दाखवल्या असत्या. 😞

बॅलन्स्ड रॉकला मी आणि लेक गेलो. दगडी पायऱ्या इतक्या उंच की लेक शेवटी हातापायांवर. वरून तळं बघितलं तर पाण्यावर एकही मोटरबोट नाही, नुसत्या वल्ह्याच्या होड्या. तिथे पेट्रोलवाल्या मोटरीला परवानगीच नाही म्हणे, विजेवरची चालते. एवढ्या गर्दीचं तळं आणि आवाज फक्त पोरांचा.

आणि वर गिधाडं. टर्की व्हल्चर. आमच्या डोळ्यांच्या पातळीवर पंख न हलवता फिरत होती. लेक म्हणाली, "ती आपल्या मरायची वाट बघताहेत का?" त्या पायऱ्यांनंतर मला तशी शंका आलीच होती.

---

आडवाटेचा | बुधवार, संध्याकाळी ६:१५ (पुण्याहून)

इकडे बसून वाचतोय. आमच्याकडे पवनेला शनिवारी गेलात तर शंभर तंबू एका रांगेत, माणशी भाव, बार्बेक्यू, गिटारवाला आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर. तळं आहे हे सकाळीच कळतं. कुकरच्या शिट्टीवर पन्नास ओळी वाद घालणारी माणसं बघून डोळे भरून आले.

एक शंका. तंबू आपला, गादी आपली, जेवण आपण करायचं. मग पैसे कशाचे?

---

मॅडिसनची_मैना | बुधवार, संध्याकाळी ७:०५

आडवाटेचा, पैसे जागेचे, गरम पाण्याच्या न्हाणीघराचे आणि स्पीकर न लागण्याचे.

मी तासाभरावर राहते, वर्षातून चारदा जाते. पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी थोडं:

साइटचं आरक्षण ११ महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार लगेच जातात. तीन कॅम्पग्राउंड मिळून चारशेहून जास्त जागा आहेत, तरी हे हाल. त्यातलं 'क्वार्टझाइट' नावाचं मोकळं आणि गजबजलेलं, वृद्धांना चालायला सोपं. सावली आणि शांतता हवी तर 'आइस एज' नावाचं, पण वीज मिळणार नाही. सदाफुली, तुमचा कुकर आइस एजमध्ये वाजला असता तर काय झालं असतं देव जाणे. आणि मंगळवार-बुधवारी रजा काढून जा. शनिवारी अकराला पोचलात तर गाडी लावायलाच जागा नसते.

नावाबद्दल कोणी बोललं नाही. हो-चंक या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेत त्याचं नाव 'पवित्र तळं' अशा अर्थाचं आहे. गोऱ्यांनी त्यातल्या 'पवित्र'चा 'सैतान' केला. दक्षिण काठावर गवताखाली पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, पंख सुमारे १५० फूट पसरलेले. हजारेक वर्षांपूर्वीचा. लोक फ्रिस्बी खेळत त्याच्या शेजारून जातात, कित्येकांना कळतही नाही. त्यावर चढायचं नाही एवढं मुलांना सांगा.

पायऱ्यांचं म्हणाल तर त्यातलं बरंचसं काम मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या बेरोजगार मुलांचं. १९३४ ते १९४१ त्यांची छावणी तिथेच होती, दोनेकशे जण. हाताने दगड बसवलेत, म्हणून उंची माणसाच्या पायाला न विचारता दगडाला विचारून ठरली.

परत जाताना मेरिमॅकची फेरीबोट घेतलीत का? गाडीसकट विस्कॉन्सिन नदी ओलांडते. १९३३ पासून फुकट.

---

सदाफुली | बुधवार, रात्री ८:४०

घेतली!! हीच तर खरी मजा. रविवारी ओले कपडे गाडीत कोंबून निघालो आणि रांगेत तासभर थांबलो. पंधरा गाड्या घेऊन बोट निघाली. आईने तिकिटासाठी पर्स उघडली. "फुकट आहे" म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. "गोव्यात दिवाडीला माणसं फुकट नेतात. गाडीपण फुकट?" सात-आठ मिनिटांचा प्रवास. पलीकडे उतरल्यावर बाबा म्हणतात, "परत जाऊ या का?"

आम्ही परत गेलो. खरंच. एकदा पलीकडे, पुन्हा अलीकडे. दोन तास मोडले. नवरा अजून बोलत नाहीये.

शांतपणे, तुमचं कुकरबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. दुपारी त्या ट्रेलरवाल्या आजोबांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी विचारलं, ते यंत्र नक्की काय करतं? बाबांनी शिट्टी खिशातून काढून दाखवली, वाफेचा दाब, वजन, सगळं. बाबांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं, त्यांचं मराठी शून्य. वीस मिनिटं चालू होतं. आजोबा रेल्वेत होते म्हणे. पण 'दोन दिवस ब्रेड' हे नाही जमणार. संध्याकाळी निखाऱ्यावर वांगी भाजली तेव्हा आई पहिल्यांदा त्या जागेत घरच्यासारखी बसली. कुठल्याही गॅसवर येत नाही असा वास. साल टरटर फुटली, आतून पाणी ठिबकून निखारा चर्र करायचा. हातानेच सोललं, बोटं भाजत. कच्चा कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. त्यासाठी कणीक न्यावी लागली तर मी नेईन.

---

शांतपणे | बुधवार, रात्री ८:५८

भरिताला माझी हरकत कधीच नव्हती. भरीत आवाज करत नाही.

---

चकलीचा_सोऱ्या | बुधवार, रात्री ९:०१

कच्चं तेल की फोडणी? आता खरा वाद सुरू होऊ द्या.

---

खानदेशी_तडका | बुधवार, रात्री ९:१५

दाण्याचं कूट?? भरितात?? आमच्याकडे हिरव्या वांग्याचं, लाकडी बडगीत ठेचून, मिरची-लसूण आणि कांद्याची पात. बाकीचं जे करता त्याला वांग्याची भाजी म्हणा.

---

पहिलटकर_बाबा | गुरुवार, सकाळी ६:३०

वाद थांबवा दोन मिनिटं. दहा महिन्यांचं बाळ घेऊन तंबूत जावं का? बायको हो म्हणतेय, मी घाबरतोय, सासूबाई "वेडे आहात" म्हणताहेत.

---

मिनेसोटाचा_मामा | गुरुवार, सकाळी ७:४४

जा. आम्ही नऊ महिन्यांचा घेऊन गेलो होतो. पहिली रात्र घराच्या मागच्या अंगणात तंबूत झोपा, तिथे कळेल. पहिली सहल तासाभराच्या अंतरावर, एकच रात्र. रात्री जूनमध्येही गारठा पडतो. बाळाला थर घाला, पण तोंडाजवळ पांघरूण सैल नको. डास येऊ नयेत म्हणून अंगाला काही चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा, पाळण्यावर जाळी टाकणं सगळ्यात सोपं. आणि रडलं तर उचलून गाडीत. बाळाचा आवाज कुकरपेक्षा वर जातो, पण त्याला सगळे माफ करतात.

---

बारा_गावचं_पाणी | गुरुवार, सकाळी ८:२०

सदाफुली, एक नाजूक प्रश्न. आई-बाबांची सकाळची व्यवस्था? आमच्या सासूबाई याच एका कारणासाठी येत नाहीत.

---

सदाफुली | गुरुवार, सकाळी ८:५२

अहो, नाजूक कसला, सगळ्यांच्या मनात तोच आहे. क्वार्टझाइटला फ्लशचे संडास आणि गरम पाणी आहे. आईने प्लॅस्टिकचा तांब्या टॉवेलात गुंडाळून नेला. पहिल्या दिवशी लपवत, दुसऱ्या दिवशी सरळ हातात घेऊन. शनिवारी रांगेतल्या एका बाईने विचारलं, फुलझाडांना पाणी घालायला का? आई "येस, येस" म्हणाली.

---

मॅडिसनची_मैना | २८ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढते. पुढच्या जूनच्या साइटसाठी खिडकी आता उघडी आहे. नंतर मला सांगितलं नाही म्हणू नका.

---

सदाफुली | २९ जुलै, सकाळी ९:०५

मिळाली! जूनचा दुसरा आठवडा, मंगळवार ते गुरुवार, आइस एज. मैना, लाख धन्यवाद.

---

सदाफुली | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

शेवटचं एक लिहायचं राहिलं होतं. गेल्या शनिवारी आई-बाबा सांगलीला परत गेले. काल वरण-भात लावायला तोच कुकर काढला तर शिट्टी नाही. मिसळणाच्या डब्यात, कॅम्पिंगच्या खोक्यात, गाडीच्या सीटखाली, कुठेच नाही. जूनपासून तो कुकर कोणी वापरलाच नव्हता.

आज आईचा फोन आला. बाबांचा चौकड्याचा शर्ट धुवायला टाकताना खिसा जड लागला. सांगलीला पोचली आहे शिट्टी.

मी म्हटलं, कुरिअर करा. मागून बाबांचा आवाज: "कुरिअर कशाला? जूनमध्ये येतोच आहे की घेऊन."